विचारायचं राहिलं

आमच्या ह्यांनी प्रांताच्या संघाकडून चौदा वर्षं फिरकी टाकली आणि चौदा वर्षांत एकदाही पंचाकडे दाद मागितली नाही. क्रिकेटचा नियम असा, की फलंदाज ढळढळीत बाद असला तरी कुणीतरी विचारल्याशिवाय पंच बोट वर करत नाही. तेही पुढचा चेंडू टाकायच्या आत विचारायचं. ह्यांचं म्हणणं, "त्याला डोळे आहेत. आपण कशाला ओरडायचं?" कुणाला उणा शब्द बोलायचा नाही, हे माझं रोजचं व्रत. ह्यांच्याशी संसार करून मी ते पाळलं, यातच काय ते समजा.

इतकी वर्षं निभावलं ते भाऊजींमुळे. भाऊजी म्हणजे संघाचे यष्टिरक्षक, ह्यांचे शाळेपासूनचे मित्र. चेंडू पायाला लागला की तेच ओरडायचे. बळी ह्यांच्या नावावर, घसा भाऊजींचा.

त्या वर्षी देशाच्या संघात एका फिरकी गोलंदाजाची जागा रिकामी होती. ह्यांचं वय छत्तीस. आता नाही तर कधीच नाही. निवड समितीचे दोघे सामना बघायला येणार, आणि नेमका त्याच दिवशी भाऊजींचा घसा बसला. सकाळी ह्यांना न्यायला दारात आले, तर तोंडातून नुसती हवा.

"आज तुम्हालाच विचारावं लागेल," मी ह्यांना म्हटलं.

"बघू."

"बघू नाही. तोंड उघडायचं."

भाऊजींनी मागून ह्यांना हात जोडले.

मी मैदानावर गेले होते. जेवणाच्या सुट्टीआधीच समोरच्यांचा सगळ्यात भारी फलंदाज फसला. पाय यष्टींच्या पुढ्यात आणि चेंडू सरळ त्याच्यावर. बिचारा स्वतःच निघायच्या बेतात होता. भाऊजी तोंड वासून उड्या मारत होते, पण नियमात उड्या बसत नाहीत. बाकीचे बाजूला उभे, त्यांना काय दिसणार? पंच ह्यांच्याकडे बघत राहिले. अगदी वाट बघत राहिले म्हणा ना. ह्यांनी चेंडू पँटला पुसला, वळले आणि पुढचा टाकलासुद्धा.

त्या फलंदाजाने पुढे एकशे चाळीस धावा कुटल्या. समितीचे दोघे चहाच्या आधीच टोप्या उचलून निघून गेले. जागा गेली, हे मला तिथेच कळलं.

संध्याकाळी हे घरी आले ते चक्क खुशीत. बूट काढता काढता म्हणाले, "आज मी विचारलं बरं का."

"कधी?"

"चहाच्या वेळी. पंच एकटेच उभे होते. म्हटलं, मघाचा तो चेंडू, बाद होता का हो?"

"मग?"

"शंभर टक्के बाद होता, म्हणाले." हे मोज्यांची नीट घडी घालू लागले. "मला वाटलंच होतं."