दाजींची दाढी

दिवसभर लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवणारा न्हावी, पण सुईचं नाव काढलं की पांढराफटक पडायचा.

ताईनं आपली एक किडनी दाजींना दिली होती. औषधांनी दाजींचे हात थरथरायचे, म्हणून दर रविवारी हा जाऊन त्यांची दाढी करून द्यायचा.

फ्लूची साथ आली तशी ताई म्हणाली, "नवी किडनी शरीरानं झिडकारू नये म्हणून ह्यांची प्रतिकारशक्ती दाबून ठेवलीय. साधा फ्लूही महागात पडेल. ह्यांना लस दिलीय, पण ती पुरती लागू पडेलच असं नाही. जवळ येणाऱ्या सगळ्यांनी घ्यायचीय. तूसुद्धा."

"घेतो की!" तो म्हणाला आणि पुढच्या रविवारी गेलाच नाही. कंबर धरली म्हणाला. मग दुकानाचा नळ फुटला. थापा मारताना त्याचं त्यालाच ओशाळं वाटायचं.

एक दिवस ताईचा फोन आला. रागावली असती तर बरं झालं असतं.

"ह्यांनी स्वतःच दाढी करायला घेतली, हनुवटी कापली. जखम चिघळायला नको, म्हणून दवाखान्यात आलोय. तू नको काळजी करूस."

समोरच्या गिऱ्हाइकाची हजामत कशीबशी उरकून त्यानं शटर ओढलं. दवाखान्यात दाजी मास्क लावून बाकावर बसले होते. त्यांना लांबूनच हात करून तो लसीच्या खोलीत शिरला.

"झोपूनच घेतो," तो नर्सला म्हणाला. "मी पडलो तर तुम्हाला उचलायचा नाही."

नर्सनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "झोपाच."

त्यानं डोळे गच्च मिटले. "टोचा ना एकदाचं!"

"टोचून झालं की!"

तो उड्या मारतच दाजींकडे निघाला, तर दाजींना ओळखणाऱ्या नर्सनं अडवलं. "लस अंगात मुरायला दोनेक आठवडे लागतात. तोवर लांबूनच."

ते दिवस त्यानं वाया घालवले नाहीत. तोंडाला फेस फासलेला माणूस पळून जात नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. "लस घेतली का?" असं विचारून त्यानं निम्मी गल्ली दवाखान्यात धाडली. साथ ओसरली. शेजारचा शिंपी तापानं आडवा झाला, पण दाजींना शिंकही आली नाही.

मग तो सामान घेऊन हजर झाला. दाजींची दाढी आता भरघोस झाली होती.

"एवढं टोचून घेतलंस खरं," दाजी म्हणाले, "पण तुझी ताई म्हणतेय, मला दाढी शोभते."

ताई तोंडाला पदर लावून हसत होती.

"असं कसं, दाजी? मग मिशा तरी कोरू द्या!" म्हणत त्यानं कात्री काढली.