चौथा कप्पा

मित्रांनो, मी एक लाकडी मांडणी आहे. जुनी म्हणालात तरी माझी हरकत नाही, आहेच मी जुनी. एक पाय वाळवीने खाल्लाय, मधली फळी वाकलीय. पण मला इथे जुन्या सामानाच्या दुकानात आणून टाकलं, तेव्हा दुकानदाराने माझ्या अंगावर एक चिठ्ठी चिकटवली: ‘सिनेमाच्या डिस्क ठेवायची मांडणी’. ते मात्र मला अजिबात खपत नाही. लोक येतात, चिठ्ठी वाचतात, हसतात आणि पुढे जातात. म्हणून आज तुम्हाला सगळं सांगूनच टाकते.

माझा जन्म झाला तो शिवलेल्या कपड्यांसाठी. ज्यांच्या घरी मी इतकी वर्षं काढली, त्या ताईंचे वडील सुतार होते. ताईंनी घरच्या घरी शिवणकाम सुरू करायचं ठरवलं, तेव्हा ते म्हणाले, “एक शिवलेला कपडा घडी घालून घेऊन ये. मला फुटाच्या पट्टीचं माप सांगू नकोस.” ताईंनी एका लहान मुलीचा फ्रॉक नेला. बाबांनी तो फळीवर ठेवला, मागच्या कडेला पेन्सिलीने रेघ ओढली आणि त्या रेघेच्या पुढे आणखी दोन बोटं जागा सोडली. “कपडा गुदमरायला नको,” म्हणाले. मित्रांनो, माझी खोली ठरली ती अशी.

माझे कप्पे पाच. वरच्या कप्प्यात रिळं, गुंड्या, हुक, लेस. दुसऱ्यात मापांच्या वह्या, खडू आणि कात्री. तिसऱ्यात गिऱ्हाइकांचं अजून न बेतलेलं कापड. सगळ्यात खालच्यात अस्तर आणि चिंध्या. आणि चौथा कप्पा तयार मालाचा. शिवून, धागे कापून, इस्त्री करून कपडा चौथ्या कप्प्यात गेला, की तो पूर्ण झाला. मला दारं नव्हती. ताईंनी उरलेल्या कापडाचे तुकडे जोडून मला एक पडदा शिवला होता. गिऱ्हाईक आलं की त्या पडदा सारायच्या आणि न बघता हात घालून नेमका त्याचा कपडा काढायच्या. लोक म्हणायचे, “ताई, तुमच्याकडे कसं सगळं जागच्या जागी असतं हो!” तेव्हा मलाही बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, फुगायचेच मी.

आता ताईंच्या यजमानांविषयी. ते पाणी खात्याच्या कचेरीत कामाला होते. मित्रमंडळी त्यांना रसिक म्हणत, म्हणून मीही त्यांना रसिकराव म्हणते. माणूस तसा वाईट नव्हता. व्यसन नाही, आरडाओरडा नाही, सकाळचा चहा स्वतः करून ताईंना आणून द्यायचे. वाईट माणसाचा राग पटकन येतो. यांचा राग यायला मला कितीतरी वर्षं लागली.

त्यांना सिनेमाचं वेड होतं. एके दिवशी संध्याकाळी ते दोन डिस्क घेऊन आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

“अगं, ह्या दोन ठेवू का इथे? दोन डिस्कना अशी किती जागा लागणार?”

“ठेवा की,” ताई मशीनवरून मान न उचलता म्हणाल्या. “फक्त गुंड्यांचा डबा हलवू नका.”

डबा त्यांनी हलवला नाही. दोनाच्या वीस झाल्या, विसाच्या साठ झाल्या, तेव्हा तो डबा आपोआपच कडेला आला, आणि एक दिवस खाली पडला. ताई गुडघ्यांवर बसून गुंड्या वेचत होत्या, आणि रसिकराव हळहळत म्हणत होते, “अरेरे! वरच्या कप्प्यात ठेवायचाच कशाला?” मित्रांनो, तो कप्पा मुळात गुंड्यांचाच होता! पण मांडणीला तोंड कुठे असतं?

वरचा कप्पा गेला. मग दुसरा गेला. मापांच्या वह्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर जाऊन बसल्या. माझी खोली कपड्याच्या मापाची, डिस्कची पेटी तर जेमतेम तळहाताएवढी. तेव्हा रसिकरावांनी एकीपुढे एक अशा दोन रांगा लावल्या. मागची रांग दिसायची नाही. त्यामुळे मजा अशी व्हायची, की एकच सिनेमा ते पुन्हा पुन्हा विकत आणायचे. “हा आपल्याकडे नव्हताच!” असं म्हणून लहान मुलासारखे खूश व्हायचे. एक बूटचोरीचा सिनेमा माझ्या पोटात तीन वेळा होता. मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. पाहुणे आले की मात्र ते मला दाखवायचे, “हे बघा, आमचा संग्रह.” पाहुणे म्हणायचे, “वा! घरात जागा बरी केलीत.”

जागा केली म्हणे! जागा काही आकाशातून पडत नाही. ती कुणाची तरी असते.

मग त्यांच्या कचेरीजवळचं डिस्क भाड्याने देणारं दुकान बंद पडलं. मालकाने सगळा माल मातीमोल भावाने विकून टाकला, आणि रसिकराव चार पोती घेऊन घरी आले. पलंगाखाली डिस्क, फ्रिजवर डिस्क, चपलांच्या खोक्यांत डिस्क. तरी उरल्याच. आठवड्याभरात माझा तिसरा कप्पाही गेला. गिऱ्हाइकांचं कापड पलंगावर आलं. झोपायच्या वेळी ताई गाठोडी उचलून खाली ठेवायच्या, उठल्यावर पुन्हा वर. माझा पडदाही रसिकरावांनी काढला, कारण नावं दिसायला हवीत. पडदा गेला तशी धूळ यायला लागली, म्हणून ताई तयार कपडे काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून चौथ्या कप्प्यात ठेवू लागल्या.

असं नाही हं, की ताई काही बोलल्याच नाहीत. एकदा त्या मशीन थांबवून सरळ म्हणाल्या, “अहो, माझं काम कुठे ठेवू मी? जागाच उरली नाही.”

“अगं, तुझं येणारं-जाणारं असतं,” रसिकराव समजावणीच्या सुरात म्हणाले. “कपडा आज आहे, उद्या गिऱ्हाईक घेऊन जातं. माझं हे कायमचं आहे. याला पक्की जागा नको का?”

ताईंनी उठून चौथ्या कप्प्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, “बरं. पण चौथ्या कप्प्याला हात लावायचा नाही. एवढं एक ऐका.”

“छे छे! लावतोय कशाला!”

त्याच सुमारास शाळेतल्या गाण्याच्या बाई ताईंकडे आल्या. गाण्याच्या स्पर्धेसाठी बारा मुलींचे बारा फ्रॉक हवे होते. फिकट पिवळे, पुढे बारीक चुण्या, कॉलरला पांढरी किनार. जाताना बाई म्हणाल्या, “हे नीट झालं ना, तर पुढच्या वर्षीपासून शाळेचे सगळे गणवेश तुमच्याकडेच. मी मुख्याध्यापकांशी बोललेय.” त्या दिवशी मशीनचा आवाज वेगळाच होता. इतक्या वर्षांत ताईंना पहिल्यांदाच कुणी वर्षभराचं काम कबूल केलं होतं. त्या रसिकरावांना म्हणाल्यासुद्धा, “हे जमलं तर मी एक मदतनीस ठेवीन. पाटीसुद्धा लावीन दाराला.” रसिकराव म्हणाले, “लाव की!” त्यांना खरंच आनंद झाला होता. ते मी नाकारत नाही.

ताईंनी तीन आठवडे खपून बारा फ्रॉक केले. एकेका चुणीला इस्त्री केली, प्रत्येक फ्रॉकला मुलीच्या नावाची चिठ्ठी टाचली. सगळे काळ्या पिशवीत घातले, पिशवी चौथ्या कप्प्यात ठेवली, आणि प्रत्येक फ्रॉकबरोबर द्यायला जादा पांढऱ्या गुंड्या आणायला सुट्टीच्या दिवशी सकाळी बाजारात गेल्या. स्पर्धा परवावर आली होती.

ताई बाहेर पडल्या आणि रसिकरावांना एक युक्ती सुचली. डिस्क पातळ, पेटी जाड. पेट्या फेकून डिस्क कागदी पाकिटांत घातल्या तर चौपट जागा! तशी युक्ती वाईट नव्हती. ताईंना जागा मोकळी करून देऊ, त्या आल्यावर चकित होतील, असं ते स्वतःशी पुटपुटत होते. मी ते माझ्या कानांनी ऐकलं. म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

त्यांनी पेट्या उघडल्या, डिस्क काढल्या, पाकिटांत घातल्या. रिकाम्या पेट्या ताईंच्याच काळ्या पिशव्यांत भरल्या. सहा पिशव्या झाल्या. मग कागदी पाकिटांचे गठ्ठे टेकवायला जरा मोकळी जागा हवी, म्हणून त्यांनी चौथ्या कप्प्यातली पिशवी घटकाभर खाली ठेवली. फक्त घटकाभर. त्या सहांच्या शेजारी.

तेवढ्यात खालून भंगारवाल्याची हाक आली. रसिकरावांनी त्याला वर बोलावलं.

“साहेब, सगळ्या न्यायच्या?” त्याने एक पिशवी उचलून पाहिली. “ही जरा मऊ लागतेय.”

रसिकराव माझ्यासमोर पाठमोरे बसून पाकिटांवर नावं लिहीत होते. “सगळ्या ने रे बाबा. घर मोकळं कर एकदाचं.”

मित्रांनो, मला तोंड नाही याचं दुःख मला आयुष्यात एकदाच झालं, ते त्या वेळी.

ताई आल्या. चपला काढता काढता त्यांची नजर माझ्याकडे गेली.

“अहो, चौथ्या कप्प्यातली पिशवी कुठेय?”

“खाली ठेवलीय, तिथेच...” रसिकराव वळले. जमिनीवर नुसत्या धुळीच्या रेघा होत्या.

दोघं धावत भंगाराच्या दुकानी गेले. मालाची गाडी तासापूर्वीच निघून गेली होती. ताई परत आल्या त्या पिवळं कापड शोधत बाजारभर फिरून. तसं कापड संपलं होतं. मिळालं असतं तरी दीड दिवसात बारा फ्रॉक कोण शिवणार? तरी त्या मशीनवर बसल्या, रिकाम्या सुईखाली हात ठेवून. रसिकराव पाण्याचा पेला घेऊन शेजारी उभे होते.

“चूक झाली, मान्य,” ते म्हणाले. “पण पिशव्या सारख्याच होत्या गं. वर काही लिहून तरी ठेवायचंस.”

ताईंनी पेला घेतला नाही.

मुली शाळेच्या रोजच्या कपड्यांत गायल्या. गाण्याच्या बाई येऊन त्यांनी दिलेली मुलींच्या मापांची यादी परत घेऊन गेल्या. त्या रागावल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. गणवेशांचं पुढे कुणी नाव काढलं नाही. मग एकेक गिऱ्हाईक गळत गेलं. लोक दारातच विचारायचे, “माझं कापड आहे ना नीट?” ज्यांचं कापड पलंगावर पडलेलं दिसायचं, ते उचलून घेऊन जायचे.

चौथा कप्पा रिकामा पडला. रसिकरावांनी आठ दिवस लाज बाळगली. नवव्या दिवशी म्हणाले, “आता तसा तो रिकामाच आहे ना?” आणि पाकिटांचा पहिला गठ्ठा आत सरकवला. ताई तेव्हा भाजी निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

पुढे त्या एका कारखान्यात लागल्या. तिथे त्या दिवसभर नुसत्या कॉलर शिवायच्या. अख्खा शर्ट त्यांना कधी दिसायचाच नाही. घरातलं मशीन त्यांनी नणंदेला देऊन टाकलं, आणि मशीनच्या जागी आणखी खोकी आली. डिस्क मात्र कुणी लावत नव्हतं. डिस्क लावायचं यंत्र बिघडलं होतं, त्याचा सुटा भाग कुठे मिळेना. रसिकराव नुसते समोर बसून नावं वाचायचे. आणून ठेवलेलं बघायला वेळ कुणाला असतो, मित्रांनो? जागा शोधण्यातच त्यांचं वय गेलं.

माझी मधली फळी भाराने वाकली, तेव्हा त्यांनी भिंतभर नवी लोखंडी मांडणी आणायचं ठरवलं. मला ठेवायला आता जागा नव्हती. त्यांनी ताईंना विचारलं, मऊ आवाजात विचारलं. “तुझ्या बाबांनी केलेली आहे, म्हणून म्हटलं... विकायची ना? तुझं काही आहे का तिच्यात?”

मला वाटलं, आता ताई बोलतील. इतक्या वर्षांचं सगळं एकदम बोलतील. म्हणतील, ही माझी आहे, हिला हात लावाल तर बघा!

ताई उठल्या. पदराला हात पुसत माझ्यासमोर आल्या. वरून खालपर्यंत एकेक कप्पा त्यांनी पाहिला, नीट, घाई न करता. चौथ्या कप्प्यातले गठ्ठे बाजूला सारून मागे हात घातला. हात रिकामाच बाहेर आला. बोटांना लागलेली धूळ त्यांनी झटकली.

“नाही,” त्या म्हणाल्या. “विका.” आणि गॅस मोठा करायला आत गेल्या.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही वस्तू तुम्हाला विनवतो, की आम्हाला पुसा, तेलपाणी करा, उन्हात टाकू नका. माझं तसं काही मागणं नाही. मला हवं तर फोडून चुलीत घाला. पण उद्या तुमच्या आवडीची वस्तू घेऊन घरी याल आणि ती ठेवायला जागा शोधाल, तेव्हा तिथे आधीपासून काय आहे ते आधी बघा, आणि ते कुणाचं आहे ते विचारा. ते माणूस हो म्हणालं तरी त्याच्या तोंडाकडे बघा. आमच्या घरात तेवढं कुणी बघितलं नाही.