हजेरीपटावरचे अकरा

सोलापूरच्या मालधक्क्यावर हमालांनी संप केला त्याला पन्नास वर्षं झाली, म्हणून आमच्या नगरसेवकांना स्मारकाची हुक्की आली. संपकऱ्यांच्या नावांची यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तेव्हाच्या ठेकेदाराच्या नातवाकडं जुना हजेरीपट सापडला. संपाचे एकोणीस दिवस, अकरा नावं. महापालिकेत चोवीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला आणखी काय हवं? मी यादी थेट दगड कोरणाऱ्याकडं धाडली आणि स्वतःवरच खूश झालो.

उद्घाटनाच्या सकाळी बनाबाई आल्या, मंगळवेढ्याहून पहिल्या एसटीनं. सातवं नाव त्यांच्या नवऱ्याचं, बिरप्पाचं. मी खुर्ची दिली, पण त्या बसल्या नाहीत.

"सायेब, ह्यांचं नाव काढा."

"अहो आजी, मान आहे तो."

"कसला मान? समदी संपावर बसली आन् हे कामावर गेले. पोरगी तापानं फणफणली हुती. मीच पाया पडून धाडलं."

संपाच्या दिवसांत हजेरी लागणार ती कामावर गेलेल्यांचीच! शेंबड्या पोराला कळलं असतं. मी अकराच्या अकरा फितूर काळ्या दगडात कोरून ठेवले होते.

नगरसेवकांना गाठलं. "आता? बँड आलाय. तोंड बंद ठेवा," ते म्हणाले. मी ठेवलं. नोकरीची दोनच वर्षं उरलीत. लाज वाटते, पण खरं तेच.

पडदा सरकला. संपकऱ्यांपैकी एकटे हयात असलेले जोतिराम पहिल्या रांगेत होते. काठी टेकत ते दगडापाशी गेले, नावं वाचली आणि सातव्यापाशी थांबले. बनाबाई शेजारीच उभ्या होत्या.

"म्या सांगितलं हुतं, काढा म्हणून," त्या म्हणाल्या. "पोरीच्या तापापायी म्याच ह्यांना कामावर धाडलं हुतं."

जोतिरामांनी बिरप्पाच्या नावावर बोट ठेवलं. "पोतं पाठीवर घ्यायला दुसऱ्यानं हात द्यावा लागतो, वैनी. सतरा वर्सं आमी त्याला कुणीबी हात दिला न्हाय. भिताडाला टेकून एकटाच घ्यायचा." मग हळूच विचारलं, "पोरीसाठी गेला हुता, व्हय? आमी कधी इचारलंच न्हाय. बरी झाली का ती?"

"तिसऱ्या दिशीच गेली, दादा. हे कामावर हुते."

जोतिरामांनी काठी टाकली आणि सगळ्यांसमोर बनाबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. लोकांना वाटलं, संपवाल्याच्या विधवेचा मान चाललाय. टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या.