झंपराचं माप

पालमच्या बाजारगल्लीत व्यंकटरावाचं शिवणकामाचं दुकान होतं आणि दुकानामागं दोन खोल्यांचं घर. घर त्याच्या नावावर होतं, पण भिंतींची माती कस्तुराबाईनं स्वतः तुडवली होती. व्यंकटराव मशिनीवर बसायचा आणि ती उंबऱ्याशी बसून हातशिलाई करायची. काजं, हूक, बटणं सगळी तिच्याकडं. एकोणीस वर्षं असं चाललं. त्र्याऐंशी साली भाद्रपदात व्यंकटराव वारला.

दिवसकार्य झाल्यावर घर आपल्या आणि लेकीच्या, सुलाच्या, नावावर करावं म्हणून कस्तुराबाई ग्रामपंचायतीत गेली. तिथं आधीच एक हरकतीचा अर्ज येऊन पडला होता. ग्रामसेवकानं तो वाचून दाखवला. मनकर्णा व्यंकटराव, राहणार राणीसावरगाव, मयताची लग्नाची बायको.

मनकर्णा हे नाव कस्तुराबाईला नवं नव्हतं. कस्तुराबाईला बायको करून घेताना व्यंकटरावानं स्वतःच सांगितलं होतं, "पहिली हाय गावाकडं, पण काडीमोड झालाय. तिकडचं मिटलं आता." त्यानंतर त्या बाईचा विषय घरात निघाला नाही. कस्तुराबाईनं तो काढला नाही, कारण मेलेल्या माणसासारखी ती बाई मागं पडली, असं तिनं धरून ठेवलं होतं. आता कागदावरचा 'लग्नाची' हा शब्द तिला झोंबला. घरापेक्षा त्या एका शब्दासाठी तिनं गंगाखेडच्या कोर्टात दावा लावला.

दत्तराव वकील सरळ बोलणारे होते. ते म्हणाले, "कस्तुराबाई, पहिली बायको असताना दुसरं लग्न कायद्याला मंजूर नाही. तुमच्या सुलाला बापाच्या मालमत्तेत हिस्सा आहे, तो कुणी काढून घेत नाही. पण तुम्हाला बायको म्हणून उभं राहायचं असेल, तर काडीमोड झाला होता हे दाखवावं लागेल. तुमच्या जातीत काडीमोड चालतो. तो झाला, आणि त्यानंतर दोघांचा काही संबंध उरला नाही, एवढं सिद्ध झालं पाहिजे."

"न्हवताच संबंध. माझ्या डोळ्यासमोर हुते की रोज."

"गावाकडं कधीच जात नव्हते?"

"पोळ्याला जायचे, माय हुती तवर. ती मेल्यावर त्येबी बंद झालं." मग तिनं विचारलं, "वकीलसाहेब, तुमी बघितलंय का तिला? कशी हाय दिसायला?"

दत्तरावांनी चष्मा पुसला. "त्याचा दाव्याशी काही संबंध नाही, बाई."

पण कस्तुराबाईच्या मनात दुसरं काही राहिलंच नव्हतं. इतकी वर्षं तिनं मनकर्णाला वाळकी, काळी, खंगलेली बाई करून ठेवलं होतं. पहिल्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात तिनं तिला पाहिलं. बाई उंच होती. रंग गव्हाळ, आणि पन्नाशी आली तरी केस काळे. कपाळ मात्र मोकळं होतं. आपल्या नवऱ्यासाठी दुसऱ्याच बाईनं पुसलेलं कुंकू बघून कस्तुराबाईला वाटलं, आपल्या घरातलं काहीतरी कुणीतरी उघड्यावर मांडलंय. तिनं पदर ओढून पाठ फिरवली. येताना एसटीत सुलानं विचारलं, "माय, ती मावशी कोण उभी हुती?" तशी ती तिच्यावर खेकसली, "मावशी कोनाची ग? गप बस."

तारखा पडत गेल्या. एकदा नामांतराच्या मोर्चामुळं एसट्याच बंद होत्या, एकदा न्यायाधीश रजेवर होते. दरम्यान कस्तुराबाईला एक खोड लागली. व्यंकटराव जिथं जिथं एकटा गेला होता, ते ती आठवत बसायची. पूर्णा, नांदेड, परभणी. कोण आजारी होतं, कुणाचं लग्न होतं. दिवाळीच्या आधी दरसाल दोन दिवस तो नांदेडला दोरा आणि हूक आणायला जायचा. ते तिला कधी खटकलं नव्हतं, कारण दोरा आणि हूक घेऊनच तो परत यायचा.

पंच्याऐंशी साली तिची साक्ष निघाली. दत्तरावांनी विचारलेल्या सगळ्या प्रश्नांना तिनं ठरल्याप्रमाणं उत्तरं दिली. मग मनकर्णाचे वकील उठले. त्यांनी मागं हात केला, मनकर्णानं एक बोचकं पुढं सरकवलं. वकिलांनी ते टेबलावर सोडलं. आत झंपर होते. नवे, जुने, विटलेले, अठरा झंपर.

"बाई, हे माझ्या अशिलाचे झंपर आहेत. दर दिवाळीला एक. तुमचे यजमान राणीसावरगावला स्वतः नेऊन द्यायचे, असं तिचं म्हणणं आहे. तुम्ही शिवणकाम जाणता. हातात घेऊन बघा."

दत्तराव उठले. "साहेब, झंपर कुठलाही शिंपी शिवतो. यावरून काय ठरणार?"

"बघू द्या त्यांना," न्यायाधीश म्हणाले.

कस्तुराबाईनं पहिला झंपर उचलला. काखेतला जोड तिला ओळखू आला. तिथं व्यंकटराव कापडाचा छोटा तुकडा तिरपा घालायचा, हात वर केला तरी कापड ताणत नसे. तिनं दुसरा उचलला, तिसरा उचलला. मग तिच्या लक्षात आलं ते वेगळंच होतं. सगळ्यात विटलेला झंपर अंगानं लहान होता. त्यानंतरचा बोटभर मोठा. मधले तीन पुन्हा बारीक, जणू बाई त्या वर्षांत आजारी होती. शेवटचे चांगले रुंद. म्हणजे नांदेडच्या नावाखाली तो दरसाल तिथं जाऊन पुढच्या झंपराचं माप घेत होता. फीत घेऊन तिच्या पाठीमागून, खांद्यावरून. कस्तुराबाईच्या झंपराचं माप त्यानं लग्नाच्या वर्षी एकदा घेतलं होतं. पुढं तिनं माप घ्यायला सांगितलं की तो म्हणायचा, "तुझं ठावं हाय मला," आणि अंदाजानंच कापायचा.

समोर मनकर्णा खाली बघत उभी होती, पण तिच्या तोंडावर कसलं तरी सुख आहे असं कस्तुराबाईला दिसलं. खरंच होतं की नव्हतं, कोण जाणे.

"ही शिवण तुमच्या यजमानांची आहे का?" वकिलांनी विचारलं.

नाही म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. दत्तराव तिच्याकडं एकटक बघत होते. कस्तुराबाईनं झंपर उलटा केला आणि हुकांच्या समोरची काजं अंगठ्यानं चाचपली. प्रत्येक काजाच्या शेवटी दोन गाठी होत्या. दोन गाठी तीच मारायची. दिवाळीच्या गर्दीत गिऱ्हाइकांच्या ढिगात हाही एक येऊन पडत असणार, आणि तिनं तो आपल्या हातानं पुरा करून दिलेला असणार, अठरा वर्षं.

"शिवण त्यांचीच हाय," ती म्हणाली. तिचा आवाज चढला. "पण काजं माझी हायेत. हुकं मी लावलेत. तिला सांगा, तिनं जे अंगात घातलं त्येला माझा हात लागलेला हाय. एकट्या त्यांनी दिलेलं न्हाई त्ये."

मनकर्णानं पहिल्यांदा मान वर केली. तिच्या तोंडावरचा रंग उतरला होता. तिलाही हे ठाऊक नव्हतं.

दत्तराव खाली बसले. बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "बाई, तुम्ही स्वतःच दावा घालवलात."

"घालवला तर घालवला. माझं काम तिच्या नावावर कसं जाऊ देऊ?"

सत्याऐंशी साली निकाल लागला. काडीमोड शाबीत झाला नाही. मनकर्णा कायदेशीर विधवा ठरली. अर्धं घर तिचं आणि अर्धं सुलाचं. कस्तुराबाईच्या नावावर काहीच आलं नाही, ती लेकीच्या हिश्श्यात राहणारी झाली. दुकान आणि पुढची खोली मनकर्णाच्या वाट्याला गेली. ती विकून टाकील असं सगळ्यांना वाटलं. पण निकालानंतर राणीसावरगावात व्यंकटरावाच्या पुतण्यांनी तिला म्हटलं, तुझं घर झालंय तर तिकडंच जा. ती एक पेटी आणि पितळी हंडा घेऊन पालमला आली.

मधे विटांची भिंत घातली. मागच्या बाजूचं न्हाणीघर दोघींचं एकच राहिलं. सहा महिने त्या एकमेकींशी बोलल्या नाहीत. मनकर्णा भाजीला फोडणी घालायची तेव्हा कस्तुराबाई नाक ताणून वास घ्यायची, आणि व्यंकटरावाला आवडायचं तसं तिखट आहे की काय ते ओळखायला बघायची.

सुलाचं लग्न ठरलं त्या उन्हाळ्यात एके सकाळी न्हाणीघरापाशी मनकर्णानं तिला अडवलं.

"एक इचारू का? जाताना त्यांनी माझं नाव काढलं हुतं का?"

"न्हाई," कस्तुराबाई म्हणाली. "माझं काढलं."

मनकर्णानं मान हलवली आणि बादली उचलून गेली. दिवसभर तिच्या बाजूला चूल पेटली नाही. आपण खुशीत राहू असं कस्तुराबाईला वाटलं होतं. पण दुपारी तिनं भाकरी तशीच झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मनकर्णा दारापुढं झाडत होती. कस्तुराबाई रस्त्यानं वळसा घालून तिच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"कोनाचंच न्हाई काढलं त्यांनी. वाचाच गेली हुती. तीन दिवस नुसतं आढ्याकडं बघायलते."

मनकर्णानं खराटा थांबवला. "मला वाटलंच," ती म्हणाली, आणि खराटा भिंतीला टेकवत तिनं विचारलं, "लय तरास झाला का?"

"झाला."

"तुमी एकल्याच हुत्या जवळ?"

"मीच हुते," कस्तुराबाई म्हणाली. हे सांगताना तिला अजूनही बरं वाटलं. मग ती मनकर्णाच्या पायरीवर टेकली आणि ते तीन दिवस पहिल्यापासून सांगायला लागली.