बुडाखालचा सम्राट

मित्रांनो, मी चिनी मातीची एक जुनी बरणी. माझ्या बुडाशी निळ्या रंगात सहा अक्षरं आहेत आणि सहाही खोटी आहेत. एका मिंग सम्राटाच्या काळात ही घडवली, असा त्यांचा अर्थ. प्रत्यक्षात मी भट्टीतून निघाले तेव्हा मिंग घराणं बुडून पन्नास वर्षं होत आली होती. जिंगदेझेन गावच्या कारागिराला ठाऊक होतं, जुन्या राजाच्या नावावर माल खपतो. माती तुडवणारे, चाक फिरवणारे, रंग भरणारे, भट्टी राखणारे अशा सत्तरेक हातांतून मी गेले. त्यांतल्या एकाचंही नाव माझ्यावर नाही. नाव लागलं ते ज्याने मला पाहिलंसुद्धा नाही त्याचं!

तेव्हा त्या राजांचं कौतुक मला सांगू नका. पहिल्या सम्राटाने पुस्तकं जाळली, अमर व्हायची औषधं शोधली, आणि तो गेल्यावर चार वर्षांत घराण्याचा निकाल लागला. हान आले, तांग आले, सुंग आले. प्रत्येकाला वाटलं, आता दहा हजार वर्षं बघायला नको. मंगोल घोड्यांवरून आले. मिंगांनी अजस्र जहाजं बांधली आणि कुजू दिली. मग मांचू आले, त्यांनी अख्ख्या देशाला वेणी घालायला लावली. वेणी नाही तर डोकं नाही. काय ती ऐट!

मी बटाविया बंदरामार्गे डच जहाजातून त्यांच्या हार्लेम गावी आले. तिथल्या शेटाण्यांनी मला कपाटावर मिरवलं. त्यांच्या नातसुनांनी माझ्यात कुत्र्याची बिस्किटं भरली आणि झाकण फोडलं. मी इकडे धूळ खात होते तेव्हा तिकडे अफूची युद्धं झाली, शेवटच्या बालसम्राटाला खाली उतरवलं, लाल झेंडा आला, आणि ‘जुनं ते फोडा’ म्हणत पोरांनी माझ्या बहिणींचे तुकडे केले. आता तिथूनच कंटेनर भरभरून प्लास्टिकच्या बरण्या रॉटरडॅमला उतरतात. बुडाशी ‘मेड इन चायना’. त्या निदान खरं लिहितात.

इथे डच राजाच्या वाढदिवसाला लोक रस्त्यावर जुनं सामान विकायला मांडतात. तिथून मला पुण्याच्या हेमचंद्रने उचललं. हा आल्मेरेत राहतो, आयटीत आहे. त्याने मला काचेच्या कपाटात ठेवलं, वर दिवा लावला. येईल त्याला, “मिंग आहे, मिंग!” संग्रहालयातल्या बाईंनी मला उलटं करून स्वच्छ सांगितलं, अक्षरं जुन्या राजाची, बरणी नंतरची. “तिला काय कळतंय!” म्हणाला. मला हसू आलं. राजे गेले, राजांचे भाट काही संपत नाहीत.

त्याची मुलगी संहिता दहा वर्षांची, अबोल. ती इथे ग्रुप सेव्हनमध्ये, म्हणजे पाचवीत. शाळेत प्रत्येक मुलाला एक विषय वर्गापुढे उभं राहून सांगावा लागतो. तिने चीनचा इतिहास घेतला होता आणि मला सोबत नेणार होती.

“एम्परर स्वतः वापरायचा असं सांग,” हेमचंद्र म्हणाला. “कोण चेक करतंय?”

“पप्पा, दॅट्स नॉट ट्रू.”

“अगं, इम्प्रेशन पडलं पाहिजे!”

पोरीने आईकडे पाहिलं. मृदुला पोळ्या लाटत होती. तिच्या ओट्यावर रोज मोबाइलवर कीर्तन चालतं, आणि बुवांच्या मागून ती अभंग गुणगुणते. तिने आवाज बारीक केला. “बाळा, चार माणसांपुढे उभं राहून कथा सांगायची, ती नारदाची गादी. बुवा आधी वाकून नमस्कार करतात. तिथून खोटं बोलायचं नसतं.”

“मम्मी, इट्स जस्ट ग्रुप सेव्हन.”

“असू दे ग्रुप सेव्हन.”

“आल्या कीर्तनकारीणबाई!” हेमचंद्र म्हणाला. मृदुलेने पिठाच्या हातांनीच टाळी धरली आणि लेकीकडून राजघराणी चालीवर पाठ करून घेतली. शांग, चौ, चिन, हान...

त्या दिवशी हेमचंद्र वर्गात मागे उभा, मोबाइल रोखून. संहिताने वाकून जमिनीला हात लावला. मुलं हसली. तिचे कान लाल झाले. मग तिने टाळी धरली, आणि तिसऱ्या घराण्यापर्यंत सगळा वर्ग टाळी देऊ लागला. शेवटी तिने मला उलटं केलं. वडिलांकडे पाहिलं. तो मान डोलवत खुणावत होता, मिंग, मिंग.

“इथे राजाचं नाव आहे,” ती डचमध्ये म्हणाली, “पण ते खोटं आहे. त्याने ही केली नाही. ज्यांनी केली त्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत.”

मोबाइल खाली गेला.

घरी येताच त्याने कपाटावरचा दिवा बंद केला. म्हणाला, “काढा ती कपाटातून! चिंच भरा तिच्यात!” मृदुलेने लगेच भरली. तीनशे वर्षांत मला पहिलं मानाचं काम मिळालं.

शनिवारी त्याचा मित्र राजन आला. “अरे, तुझं मिंग कुठंय?” हेमचंद्रने तोंड उघडलं. आता हा काय थापा मारतो, म्हणून मी नाक मुरडायच्या तयारीत होते.

“ओट्यावर आहे,” तो म्हणाला. “आणि मिंग नाहीये ती. मी उगाच सांगत होतो. संहिता, तू सांग गं काकांना नीट.”

मित्रांनो, माझं मागणं लहान आहे. मला मिरवू नका, वापरा. उचलताना काठाला धरू नका, बुडाखाली हात द्या. आणि चिंच काढायला हात कोरडा असू द्या.