डावीकडची उशी

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे, पण डोक्याखाली घ्यायची नव्हे. ओंजळीत मावेन एवढी, सुती धाग्याने विणलेली, पोटात जवस भरलेली. माझी जागा देनित्साच्या आतल्या पोलक्यात, डाव्या बाजूला.

बल्गेरियातल्या डोंगराळ स्मोल्यान गावी तिच्या सासूबाईंनी, स्टोयंकाबाईंनी, मला विणले. देनित्साला एकतिसाव्या वर्षी कर्करोग झाला आणि तिचा डावा स्तन काढावा लागला, त्याच हिवाळ्यात. ती बाजू भरून काढणे एवढेच माझे काम. मी ते इतके चोख केले की बाजारातल्या चौकस बायकांनाही पत्ता लागला नाही.

चौकसपणात मीही काही कमी नाही. हृदयाला लागूनच राहत असल्याने ते कधी धडधडते हे मला आधी कळे. सर्वांत जोरात धडधडले ते डॉक्टरीणबाईंसमोर. कडक औषधे सुरू होण्याआधीच त्यांनी देनित्साची स्त्रीबीजे काढून गोठवून ठेवली होती. आता तपासण्या चांगल्या आल्या होत्या. कर्करोग परतू नये म्हणून चालू असलेली रोजची गोळी काही काळ थांबवून बाळाचा विचार करता येईल, असे त्या म्हणाल्या. आजार उलटणारच नाही, अशी हमी मात्र त्यांनी दिली नाही.

घरी स्टोयंकाबाईंनी साफ नकार दिला. "मला नातवंड नको," त्या म्हणाल्या. "मला तू हवीस."

पुढे घरात तो विषय निघेनासा झाला. मग एका वसंतात मला कोडे पडले. मी एका बाजूला कलू लागले. जवस होते तेवढेच होते, धागाही आटला नव्हता. मग मी लहान का पडते आहे? उजवी बाजू भरत चालली आहे, हे माझ्या ध्यानात यायला बराच वेळ लागला.

आमच्याकडे दिवस गेल्याची बातमी लवकर फोडत नाहीत. देनित्साने मला नुसते सासूबाईंच्या मांडीवर ठेवले. "आई, हिला जरा मोठी करून द्याल?"

"खाऊन खाऊन सुटलीस वाटतं," म्हणत त्यांनी मला उचलले, आणि त्यांचा हात थांबला. किती तरी वेळ त्या मला नुसत्या दाबत बसल्या. आता आपली धडगत नाही, असे मला वाटले. पण त्यांनी डोळे पुसले आणि विणायच्या सुया मागितल्या.

"दूध उतरलं की आणखी दोन ओळी वाढवाव्या लागतील," त्या म्हणाल्या. "उरलेला धागा टाकू नकोस."

आता मी लाळेने डागाळले आहे. पाजणे सुटले की देनित्साची गोळी पुन्हा सुरू होईल, तपासण्या तर चालूच आहेत. मित्रांनो, मला अधूनमधून ऊन दाखवा, एवढे पुरे. पण कोणी तरुण बाई आजारी पडली, तर ती वाचेल का एवढेच विचारून थांबू नका. तिला काय हवे आहे, तेही तिलाच विचारा.

छोटी एलित्सा दूध पिते उजवीकडे. झोपायला मात्र तिला माझीच बाजू लागते. आईचे हृदय इथूनच ऐकू येते.