घशातला ह

प्रोफेसर राजीव सुरैयाच्या पाळणाघरात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्याकडे रेकॉर्डर होता, चित्रांची पंचवीस कार्डं होती आणि विद्यापीठाचं पत्र होतं. अरबी तेवढी नव्हती. पुण्याहून मस्कतला येऊन त्यांना आठ वर्षं झाली होती. या आठ वर्षांत ते मोबाइलवरून जी अरबी शिकले होते, ती ऐकून टॅक्सीवाले मुकाट्याने हिंदीत उत्तर देत. पण तीन-चार वर्षांची ओमानी मुलं उच्चार कसे बदलतात, हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता, आणि संशोधनाला भाषा आलीच पाहिजे असं कुठे लिहिलंय?

सुरैया मूळची रत्नागिरीची. नवरा जहूर, तो अल मवालेहच्या भाजी मार्केटात कामाला, आणि हिने मस्कतच्या अल खौद भागात एका व्हिलाच्या तळमजल्यावर पाळणाघर थाटलेलं. ओमानी आया सकाळी सातला मुलं सोडत आणि पाचला नेत. दिवसभर सुरैया मुलांशी अरबीतच बोले. ‘आपला मराठी माणूस’ म्हणून राजीवनी हेच पाळणाघर निवडलं आणि सहा महिने रेकॉर्डर चालवला. मध्येमध्ये सुरैयाचा आवाज येई, तो गोंगाट म्हणून त्यांनी नेटाने कापून टाकला.

सहा महिन्यांनी ते नाचायचेच बाकी होते.

“सुरैयाताई, मोठा शोध आहे! तुमच्या मुलांना घशातला ह येतच नाही. सगळी साधा ह म्हणतात. खोल क नाही, आणि घशातून दाबून काढायचा तो ऐन तर कुणालाच नाही. सॉफ्टवेअरने दाखवलं मला. हे सगळं इतकं ठाम, एकत्र, कुठल्याच अरबी मुलांत सापडलेलं नाही. मी याला ‘अल खौद अवस्था’ असं नाव दिलंय.”

सुरैयाला लगेच कळलं. ही अवस्था मुलांची नव्हती, तिची होती. दूध, चप्पल, शी, झोप, सगळं ती साध्या बाजारी अरबीत बोलायची आणि मुलं तेच उचलायची.

गंमत म्हणजे तिला ते हरफ, ती घशातली अक्षरं, येत होती, आणि चांगली येत होती. लहानपणी मदरशात उस्तादांनी छडी घेऊन तिच्या घशातून एकेक हरफ काढून घेतला होता. पण ते अल्लाच्या कलामाचे, कुराणाचे हरफ. ते शी-शूसाठी वापरायचे? तिच्या अम्मीने ऐकलं असतं तर कानाखाली वाजवली असती. म्हणून पवित्र हरफ नमाजाला आणि साधे हरफ डायपरला, अशी वाटणी सुरैयाने मनाशी केली होती आणि वीस वर्षं पाळली होती.

ती गप्पच बसली असती. पण राजीवनी चार वर्षांच्या जुवैनाचा अहवाल लिहिला: उच्चारदोष गंभीर, वर्षभर उपचार, शाळाप्रवेश पुढे ढकलावा. जुवैना म्हणजे पाळणाघरातली सगळ्यांत तिखट पोर. तिच्यावर ‘दोष’ असा शिक्का? सुरैयाला रडूच आलं. खरं बोलावं, तर कोणती आई उद्या मूल सोडणार? न बोलावं, तर पोरीचं वर्ष जातंय.

अहवाल ऐकायला जुवैनाची आई आलीच, शिवाय इब्रा गावाहून जुवैनाची आजीही आली, कहव्याचा थर्मास आणि खजूर घेऊन. प्रत्येकाचे तीन पेले होईपर्यंत कामाचं बोलायचं नाही, हे आजीने ठरवूनच टाकलं. पुरे म्हणायचं असेल तर रिकामा पेला जरा हलवायचा असतो. आठ वर्षांत हेही राजीवना कुणी सांगितलं नव्हतं. ते दरवेळी “शुक्रन” म्हणून आभार मानत आणि आजी दरवेळी ओतत राही. सातव्या पेल्यानंतर त्यांनी एकदाचा आलेख बाहेर काढला.

“या मुलीच्या घशाला हे ध्वनी काढताच येत नाहीत,” त्यांनी इंग्रजीत सांगितलं. आईने ते अरबीत सांगता सांगता डोळे पुसले.

सुरैया उठली. “सर, मी काय सांगतंय, जरा थांबा.”

“ताई, हे शास्त्र आहे. तुम्ही मध्ये बोलू नका.”

“सहा महिने नाय बोलले, ते काय कमी झाला?” ती म्हणाली, आणि खाली बसत शेजारी खेळणाऱ्या जुवैनाला मांडीवर घेऊन तिला अरबीत म्हणाली, “चल ग, दुपारी झोपताना म्हणतो ते म्हण.”

दुपारच्या त्या वेळी राजीव नेहमी रेकॉर्डर बंद करून जेवायला जात. धार्मिक बाबतीत लुडबुड नको, म्हणून.

जुवैनाने डोळे मिटले, दोन्ही हात पसरले आणि कुराणातली पहिली सूरा, अल फातिहा म्हटली, पहिल्यापासून शेवटच्या ‘आमीन’पर्यंत. घशातला ह, ऐन, खोल क, सगळे आपापल्या जागी, उस्तादांनी पाठ थोपटली असती असे. आई रडायची थांबली. राजीव सॉफ्टवेअरकडे बघू लागले.

“दोष पोरीचा नाही,” सुरैया अरबीत म्हणाली. “दूध मागायचं ती माझ्याकडून शिकली, आणि दुआही माझ्याकडून.” मग तिने ती वाटणी सांगून टाकली. सांगताना मान वर झाली नाही.

आई ताडकन उठली. “उद्यापासून जुवैना इथे येणार नाही!”

“बस खाली,” आजी म्हणाली. “दहा दहा तास पोर हिच्याजवळ टाकतेस, मग ती बोलणार कुणासारखी?” आणि सुरैयाकडे वळून म्हणाली, “येईल ती इथेच. पण आमच्या इब्रात बकऱ्यांनाही आम्ही याच हरफांनी हाका मारतो, बाई. अल्लाला राग आल्याचं अजून तरी कानावर नाही.”

राजीवनी वहीत टिपून घेतलं: ‘अल खौद अवस्था दुपारी तात्पुरती नाहीशी होते.’

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरैयाने दुधाचा कप भरला, मनात अम्मीची माफी मागितली आणि वीस वर्षांत पहिल्यांदा घशातल्या ह ने म्हणाली, “जुवैना, हलीब!”

जुवैनाने खेळणं टाकलं. दुधाकडे न बघता तिने डोळे मिटले, दोन्ही हात पसरले आणि म्हणाली, “आमीन.”